शेरेबुक बंद करून

(वादी अदाई, मस्कत येथे शुक्रवारच्या घरगुती बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



यजमानांनी बैठकीचा निरोप धाडला त्यात विषय लिहिला होता, ‘शाळा सुधारण्यासाठी सामायिक नेतृत्व आणि कोचिंग’. तो वाचून दोघांचे मला फोन आले. एकाने विचारलं, दहावीच्या मुलांसाठी क्लास काढताय का? दुसऱ्याने थेट फीच विचारली! त्यांचा काही दोष नाही. आपल्याकडे कोचिंग म्हटलं की डोळ्यांपुढे येतात कोटा, लातूर आणि शाळा सुटल्यावर दप्तर न उतरवता ट्यूशनला पळणारी आपली मुलं. मी बोलणार आहे ते शिक्षकाच्या कोचिंगबद्दल. शिक्षकाला शिकवताना कोणीतरी सोबत करणं, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत नेमका शब्द रुळलेला नाही, म्हणून मी ‘सोबत’ असंच म्हणेन.

आज हा विषय घेण्याचं निमित्त तुम्हाला ठाऊक आहे. यंदा जमलेल्या वर्गणीतून गावाकडच्या एका केंद्रातल्या जिल्हा परिषद शाळांना मदत करायची असं ठरलंय. केंद्र म्हणजे जवळपासच्या दहाएक शाळांचा गट. त्यासाठी दोन प्रस्ताव आले. पहिला असा, की दोन शाळांत स्मार्ट बोर्ड, संगणक आणि इन्व्हर्टर बसवावेत. दुसरा माझा आहे. अनुभवी, नुकत्याच निवृत्त झालेल्या एका प्राथमिक शिक्षिकेला तीन वर्षं मानधन आणि प्रवासखर्च द्यावा, आणि तिने त्या दहा शाळांच्या वर्गांत जाऊन शिक्षकांना सोबत करावी. पहिल्या प्रस्तावाचा फोटो चांगला येईल, हे मी आधीच मान्य करतो. दुसऱ्याचा फोटो काढायचा म्हटला तर वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात सतरंजीवर बसलेली एक बाई दिसेल, बाकी काही नाही.

मी स्वतः मस्कतला येण्याआधी आठ वर्षं सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होतो आणि नंतर इथे एकोणीस वर्षं गणित शिकवलं. त्यामुळे दोन्हीकडची शाळा आतून पाहिली आहे.

तुमच्यापैकी ज्या भगिनी इथल्या हॉस्पिटलांत नर्स आहेत, त्यांना सोबतीचा अर्थ वेगळा सांगायला नको. नवी मुलगी वॉर्डात आली की सीनियर सिस्टर तिच्याबरोबर पेशंटच्या कॉटपाशी उभी राहते. सलाईन लावताना हात थरथरला तर तिथेच सांभाळून घेते. साइटवरच्या इंजिनियर मंडळींचंही तेच. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकट्याला मचाणावर चढवत नाहीत. शिक्षक मात्र डी.एड. होऊन पहिल्या दिवशी वर्गात शिरतो, दार लोटतो आणि पुढची तीस वर्षं त्या दाराआड एकटाच असतो. इतकी वर्षं एकट्याने करायचं असं दुसरं काम मला तरी आठवत नाही.

मग कोणी बघायला येतच नाही का? येतं की! साहेब येतात. साहेबांची जीप फाट्यावर दिसली की निरोप शाळेत आधीच पोचलेला असतो. फळ्यावर सुविचार आणि तारीख लिहिली जाते, टाचणवही काढून ठेवली जाते, हुशार मुलं पुढे बसतात. साहेब हजेरी बघतात, पोषण आहाराची नोंदवही बघतात, एखाद्या मुलाला पाढा विचारतात आणि शेरेबुकात शेरा लिहितात. ‘अध्यापन समाधानकारक. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ खाली सही, शिक्का. माझ्या आठ वर्षांतले सगळे शेरे एका बैठकीत वाचले, तरी माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला वजाबाकी का येत नव्हती ते कळणार नाही. साहेब वाईट नव्हते. त्यांना दिवसात तीन शाळा उरकायच्या असत आणि वरून माहिती मागवलेली असे.

वजाबाकीचंच उदाहरण घेऊ, कारण सोबत म्हणजे काय ते हवेत बोलून कळत नाही. तिसरीचा वर्ग आहे. फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस. गुरुजींनी हातच्याची रीत समजावली आणि विचारलं, “समजलं का?” सगळा वर्ग सुरात म्हणाला, “होऽऽ.” वह्या बघाव्यात तर निम्म्यांचं उत्तर पस्तीस. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोरांनी सरळ सातातून दोन वजा केले! मोठ्यातून लहान वजा करायचं, हे त्यांनी आदल्या वर्षी शिकलेलं असतं. म्हणजे मूल स्वतःच्या नियमाने बरोबरच चाललंय. गुरुजींना हे दिसत नाही, कारण ते फळ्याकडे तोंड करून आहेत आणि कानावर ‘हो’ पडलंय.

आता मागे एक अनुभवी बाई बसली आहे असं धरा. ती तासभर काही बोलत नाही. वहीत एवढंच टिपते, की कोण बोललं, कोण गप्प राहिलं आणि कोणी काय लिहिलं. तास संपल्यावर, मुलं खिचडी खायला गेली की दोघं पायरीवर बसतात. ती शेरा देत नाही. ती तीन वह्या पुढे ठेवते आणि विचारते, “या पोरानं पस्तीस कसं काढलं असेल?” गुरुजी वही हातात घेऊन पाहतात आणि त्यांचं त्यांना कळतं. मग दोघं मिळून एकच बदल ठरवतात. उद्या खडू बाजूला ठेवायचा, काड्यांचे दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या द्यायच्या, आणि गठ्ठा सोडल्याशिवाय सात काड्या देता येत नाहीत हे पोरांच्या हातांना कळू द्यायचं. पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा येते आणि तेवढंच बघते. जमलं तर पुढचं, नाही जमलं तर ती स्वतः तास घेते आणि गुरुजी मागे बसतात. सोबत ती एवढीच. ऐकायला किरकोळ वाटते, पण वर्षभरात अशा पंधरा-वीस भेटी झाल्या तर माणूस वेगळा शिकवू लागतो.

तुमच्यातले अकाउंट्सवाले आता पुरावा मागतील. मागायलाच हवा. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात सेट्स्वाना या मातृभाषेतलं वाचन सुधारण्यासाठी दोन वर्षांचा प्रयोग झाला. एका गटातल्या शिक्षकांना नेहमीसारखं केंद्रीय प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटातल्या शिक्षकांच्या वर्गात नियमितपणे जाणारी मार्गदर्शक व्यक्ती नेमली. पाठांची टाचणं आणि पुस्तकं दोन्हीकडे सारखीच होती. सोबत मिळालेल्या शाळांतल्या मुलांची प्रगती प्रशिक्षणवाल्यांच्या सुमारे दुप्पट झाली. खर्च जास्त आला, पण रुपयामागे फळही जास्त मिळालं. पुढे त्याच देशात दुसऱ्या प्रांतात, टॅब्लेट आणि फोनवरून सोबत करून भागतं का, हेही तपासलं. पहिल्या वर्षी दोन्ही पद्धती बरोबरीच्या वाटल्या, पण तीन वर्षांनी प्रत्यक्ष वर्गात जाणारी माणसं स्पष्टपणे पुढे होती. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आम्ही इथून झूमवर शिकवतो’ असा तिसरा प्रस्ताव पुढच्या बैठकीत येणार, हे मला आत्ताच दिसतंय.

एक सावधगिरीची गोष्टही सांगतो. अमेरिकेत मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा साठ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. शिकवण्याच्या पद्धतीवर सोबतीचा परिणाम चांगलाच दिसला, मुलांच्या गुणांवर त्याहून कमी पण खरा. मात्र कार्यक्रम जसजसा मोठा होत गेला, तसतसा परिणाम उतरत गेला. दहा शाळांत जमलेलं हजार शाळांत पातळ होतं. आपल्या खिशात दहा शाळांपुरतेच पैसे आहेत, ही या बाबतीत नशिबाची गोष्ट म्हणायची.

महाराष्ट्रात ही कल्पना नवी आहे असं मात्र समजू नका. १९९४-९५ च्या सुमारास सरकारने केंद्रप्रमुख हे पद काढलं ते नेमकं याच कामासाठी. राज्यभरात ४,८६० पदं. प्रत्येकाकडे दहाएक शाळा, त्याने त्या वर्गांत बसावं, महिन्याला शिक्षकांची परिषद घ्यावी, असा हेतू. कागदावर इतकी चांगली व्यवस्था कमी राज्यांत असेल. पुढे व्हायचं ते झालं. पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली आणि जी भरली त्यांतला माणूस टपालाचा थैला झाला. वरून पत्र आलं की शाळांकडून माहिती गोळा करायची आणि वर पाठवायची. शैक्षणिक परिषदेत निम्मा वेळ याद्या आणि तक्ते खातात.

तरीही एका ठिकाणी जमलं. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचं नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. बीट म्हणजे विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालचा शाळांचा पट्टा. कुमठे बीटात चाळीसच्या आसपास जिल्हा परिषद शाळा. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तपासणीच्या खुर्चीत बसून अभ्यास सुरू केला. मूल कसं शिकतं हे शिक्षकांबरोबर वाचायचं, वर्गात करून बघायचं, एका शाळेत जमलं की बाकीच्या शिक्षकांनी येऊन पाहायचं. पोरं जमिनीवर गोलात बसून काड्या, खडे, बाटल्यांची बुचं घेऊन शिकू लागली. ही सगळी साधी झेडपीची शाळा, शिक्षक तेच, पगार तेच, इमारतीही त्याच. बातमी पसरली आणि राज्यभरातून हजारो शिक्षक कुमठ्याला बघायला येऊ लागले. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, त्याच्यामागेही कुमठ्याचा मोठा वाटा होता.

आणि मग काय झालं बघा. आलेल्या पाहुण्यांना सगळ्यात आधी दिसली ती रंगवलेली फरशी. वर्गाच्या जमिनीवर अक्षरं, आकडे, चक्रं, सापशिडी. परत जाऊन गावोगाव लोकवर्गणीतून फरश्या रंगल्या. रंग डब्यात मिळतो, तो जीपमधून नेता येतो. चाळीस शाळांच्या शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात बसण्याची जी सवय लावून घेतली होती, ती डब्यात मिळत नव्हती. पुष्कळ ठिकाणी फरशीवरचा रंग दोन पावसाळ्यांत उडाला आणि वर्ग होता तसाच राहिला. आपल्या स्मार्ट बोर्डाबद्दल मला भीती वाटते ती हीच. बोर्डाला माझा विरोध नाही. पण ज्या वर्गात पस्तीस उत्तर कसं आलं हे कोणी विचारत नाही, तिथे बोर्डावरही पस्तीसच येणार, फक्त रंगीत.

आता जरा ओमानकडे वळू. आपण इथे वीस-वीस वर्षं राहतो आणि या देशाच्या शाळांत काय चालतं ते बघत नाही. ओमानच्या सरकारी शाळांत प्रत्येक विषयाला एक ज्येष्ठ शिक्षक असतो. स्वतःचे तास घेऊन शिवाय सहकाऱ्यांच्या वर्गात बसणं हा त्याच्या कामाचाच भाग. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. १९९९ पासून दहाएक वर्षं इथल्या शिक्षण मंत्रालयाने इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठाबरोबर एक कार्यक्रम चालवला. इंग्रजी शिकवणाऱ्या सुमारे हजार ओमानी पदविकाधारक शिक्षकांना पदवी मिळाली, आणि तीही नोकरी न सोडता. आठवड्यातला एक दिवस अभ्यासाला मोकळा, आपल्याच प्रांतात भेटणारे मार्गदर्शक, सुट्ट्यांत सलग वर्ग. शेवटी प्रबंध लिहायचा तो स्वतःच्याच वर्गावर. माझी मुलं वाचताना कुठे अडतात, मी प्रश्न विचारतो ते कसे विचारतो, असे विषय. वाडी-वस्तीवरच्या शाळेतल्या शिक्षकाने स्वतःच्या वर्गाकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहायचं, यासाठी देशाने पैसा आणि शिक्षकाचा आठवड्याचा एक दिवस खर्च केला. मला यात सगळ्यात महाग वाटतो तो हा मोकळा दिवस. आपल्याकडे प्रशिक्षण द्यायला सगळे तयार, वेळ द्यायला कोणी नाही.

आणि ओमानमधल्या आपल्या भारतीय शाळा? १९७५ मध्ये मस्कतला पहिली सुरू झाली, आता वीसहून जास्त आहेत. यांच्याकडे एक श्रीमंती आहे जी सातारच्या द्विशिक्षकी शाळेला स्वप्नातही मिळणार नाही. एकाच इयत्तेच्या कित्येक तुकड्या! पाचवीचा एकच धडा एकाच आठवड्यात आठ-दहा शिक्षिका शेजारशेजारच्या वर्गांत शिकवतात. गावाकडे एक गुरुजी शेजारच्या शाळेत तास बघायला गेले, तर उरलेल्या एकट्या बाईंनी चारही इयत्ता सांभाळायच्या. इथे भिंतीपलीकडे जायचं असतं. आणि तरी जात नाही कोणी. वेळापत्रकात जागा नसते, मोकळा तास बदलीत जातो, आणि दुसऱ्याच्या वर्गात बसणं म्हणजे चहाडीची तयारी असा समज. हा समज पालकांनीही वाढवला आहे. पालकसभेत आपण विचारतो, कोणत्या तुकडीचा निकाल किती? कुठल्या मिसच्या वर्गात मुलाला घालावं? आठ शिक्षिकांना शर्यतीत उभं करायचं आणि मग म्हणायचं एकमेकींना शिकवा!

इथून मी विषयाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येतो, सामायिक नेतृत्वाकडे. शाळा चांगली म्हणजे मुख्याध्यापक खमका, ही आपली जुनी समजूत. गावोगाव अशा गुरुजींच्या आठवणी निघतात. पण ते निवृत्त झाल्यावर शाळेचं काय झालं हे कोणी सांगत नाही. शिवाय ज्या शाळांबद्दल आपण बोलतोय तिथे बहुतेक वेळा स्वतंत्र मुख्याध्यापकच नसतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत दीडशेच्या वर पट असेल तर मुख्याध्यापकाचं पद. साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, त्यातले जे ज्येष्ठ ते प्रभारी. वर्ग शिकवून ते ऑनलाइन माहिती भरतात, तांदळाचा हिशोब ठेवतात, बांधकामावर पाणी मारून घेतात. अशा माणसाला ‘नेतृत्व करा’ म्हणणं ही थट्टा आहे. तिथे नेतृत्व वाटून घेतल्याशिवाय मार्गच नाही. दहा शाळांत मिळून कोणी एक बाई गणितात पुढे, कोणी गुरुजी वाचन छान घेतात, कोणी हिशोबात पक्के. ज्याचं जे चांगलं, त्यात बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं.

वादी अदाईतल्या जुन्या रहिवाशांना जून २००७ मधलं गोनू वादळ आठवत असेल. या वादीतून पाणी खाली आलं आणि मग मस्कतला प्यायच्या पाण्याचा तुटवडा पडला. तेव्हा एकेका इमारतीत कोणी टँकर गाठला, कोणी म्हाताऱ्यांच्या औषधांचं पाहिलं, कोणी पोरं सांभाळली. अध्यक्ष निवडायला वेळच नव्हता. शाळेत रोजच थोडंफार असं असतं.

मात्र वाटून घेतलेलं नेतृत्व गोडीगुलाबीचं असतं, अशी कोणाची कल्पना असेल तर पुण्याचा इतिहास बघा. चिपळूणकर आणि टिळकांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं, लवकरच आगरकर येऊन मिळाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली. संस्था कोणा धनिकाची नाही, शिकवणाऱ्या आजीव सदस्यांची, हा त्या काळी विलक्षण प्रयोग होता. शिकवणारेच ठरवणार आणि शिकवणारेच निभावणार. आणि मग पगारवाढ, बाहेरची कामं, बाहेरची मिळकत यांवरून इतके वाद झाले की १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. एवढे मोठे लोक एका टेबलाभोवती टिकले नाहीत! पण संस्था टिकली, कारण ती कोणा एकावर टेकलेली नव्हती. आगरकरांसारखा माणूस १८९५ मध्ये एकोणचाळीसाव्या वर्षी गेला, तेव्हा ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. कॉलेज दुसऱ्या दिवशीही चाललं. भांडणं होतील हे धरूनच नियम करावे लागतात, हा मी त्यातून घेतलेला अर्थ.

म्हणून माझ्या प्रस्तावात काही अटी घातल्या आहेत, त्या ऐका आणि खोडा.

सोबत करणाऱ्या बाईंनी कुणाचाही गोपनीय अहवाल लिहायचा नाही. त्यांची वही अधिकाऱ्यांना दाखवायची नाही आणि आपल्यालाही दाखवायची नाही. ही अट काहींना खटकेल, पैसे आपले आणि हिशोब नाही? पैशाचा हिशोब पै-पैचा मिळेल. कोणता शिक्षक कुठे अडला याचा मिळणार नाही. तो मिळू लागला त्या दिवशी शिक्षक पुन्हा फळ्यावर सुविचार लिहायला लागतील. मुलांना वाचता येतं की नाही हे वर्षातून दोनदा साध्या चाचणीने बघू, ते आकडे सगळ्यांसमोर, शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवू. त्या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात. बऱ्याच गावांत त्यांना सहीपुरतं बोलावतात, आपल्या निमित्ताने त्या एकदा पोरांचं वाचन ऐकायला बसतील.

पहिल्या वर्षी फक्त पहिली ते तिसरी आणि फक्त वाचन व वजाबाकीपर्यंतचं गणित. बाकी कोणी काही सुचवलं तरी नाही म्हणायचं. दुसऱ्या वर्षापासून त्या दहा शाळांतल्याच दोघांनी बाईंबरोबर हिंडायचं, म्हणजे तिसरं वर्ष संपताना आपण नसलो तरी चालेल. आणि ते दोघं बाहेर असतील तेव्हा त्यांचा वर्ग कोण घेणार, याची सोय आधी. त्या गावातल्या डी.एड. झालेल्या, नोकरी नसलेल्या मुलीला त्या दिवसाचं मानधन द्यायचं. मी केलेल्या अंदाजपत्रकात सगळ्यात मोठा आकडा हाच आहे. आधी ज्यांनी पाहिलं त्यांनी तो कापायला सांगितला. तो कापला तर बाकीचंही राहू द्या.

गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागेल. मे महिन्यात गावी जाणाऱ्यांपैकी दोघांनी माझ्याबरोबर यावं, शक्यतो एक नर्स भगिनी असावी. सोबत म्हणजे काय ते शिक्षकांना त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. अंदाजपत्रकाच्या प्रती टेबलावर ठेवल्या आहेत. स्मार्ट बोर्डवाल्यांनीही आपल्या आणल्या आहेत. चहा होईपर्यंत दोन्ही वाचा, मग बोलू.